धमकी कुठाय?

वकिलांच्या खोलीतल्या खुंटीवरून घाईघाईत ओढलेला गाऊन आपला नव्हे, हे तिला थेट न्यायासनासमोर उभं राहिल्यावर कळलं. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, घेर फरशी झाडत होता. तिने समोर पाहिलं. तिचा गाऊन सरकारी वकिलाने अंगात कोंबला होता. ताडमाड देह, बाह्या कोपराशी संपलेल्या, आणि चेहरा असा गंभीर की जणू यंदा हीच पद्धत आहे.

कोर्टात त्याला सगळे खांब म्हणत. तिला चिमणी. आजवर दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते...

अदलाबदलीला वेळ नव्हता, आणि गाऊनशिवाय कोर्ट तोंड उघडू देत नाही. तिला तर आज बोलायचंच होतं. तिच्या वकील काकांची दाढ सुजली, म्हणून हे अपील तिच्या पदरात पडलं होतं. हरली असती तर अशिलाची जन्मठेप कायम, आणि तिच्या नशिबी पुन्हा काकांच्या मागे फायली धरून उभं राहणं.

अशिलाने एका ठेकेदाराच्या मेहुण्याला गाडीत घालून नेलं होतं, शेतावरच्या खोलीत ठेवलं होतं आणि ठेकेदाराला फोन करून खंडणी मागितली होती. नेणं आणि मागणं, दोन्ही पुराव्याने पक्कं. पण खंडणीसाठी अपहरण म्हणायचं तर कायद्याला तिसरी गोष्टही लागते : जिवाला धोका असल्याची धमकी, किंवा तशी भीती वाटावी असं वागणं. ती नसली की उरतं साधं अपहरण.

बाह्या सावरत तिने ठेकेदाराची साक्ष वाचून दाखवली. अशिलाने फोनवर विचारलं होतं, मेहुण्याला तिखट चालतं का. ठेकेदार म्हणाला होता, त्याला ठेवूनच घ्या. आणि मग तो केस कापायला गेला होता. या गृहस्थांना भीती वाटली, असं म्हणायला आपल्याला तरी काडीचा आधार सापडला नाही, असं ती शांतपणे म्हणाली. न्यायमूर्तींनी तोंडाला रुमाल लावला.

खांब उठला. उठताच खांद्याची शिवण टर्रकन उसवली. तरी तो डगमगला नाही. खोलीला कुलूप होतं, माणूस कोंडलेला होता, भीती आणखी कशाला म्हणायची, असं त्याने ठासून विचारलं. न्यायमूर्तींनी विचारलं, कुलूप कोणत्या बाजूने होतं?

त्याने पानं चाळली. फिरवून बोलणं त्याला सहज जमलं असतं...

"आतून, माय लॉर्ड. मेहुण्यानेच लावलं होतं. झोपमोड होते म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिलं — आणि नजर पुन्हा कागदावर आणायला जरा जास्तच वेळ लागला.

जन्मठेप गेली. साध्या अपहरणाची शिक्षा उरली, ती अशिलाची भोगून झाली होती.

बाहेरच्या जिन्यापाशी खांब उसवलेला गाऊन घडी करून उभा होता. शिवून देतो म्हणाला. मग चाचरत त्याने स्वतःच्या गाऊनची चौकशी केली.

"तो माझ्या ताब्यात आहे," ती म्हणाली. "सोडवायचा असेल तर चहा पाजावा लागेल."

त्याने मान तिरकी करून विचार केला. "नेणं सिद्ध. मागणी सिद्ध. पण धमकी कुठाय? अपिलात टिकायचं नाही तुमचं."

"बरं मग, ऐका." तिने लोंबती बाही मुठीत धरली. "चहाला आला नाहीत, तर काकांना जाऊन सांगेन... की माझा गाऊन फाडणारा माणूस मला आवडलाय."

त्याचे कान लाल झाले.

"सांगा," तो म्हणाला. "फक्त त्यांच्या दाढेची सूज उतरू द्या. ठणकत्या दाढेने जावई पारखला, तर माझं अपील पहिल्याच दिवशी फेटाळलं जाईल."

ती हसत जिना उतरू लागली. घेर पायात येईल म्हणून त्याने तो मागून हलकेच उचलून धरला. खंडणी द्यायला इतक्या खुशीत निघालेला माणूस त्या इमारतीने पाहिला नव्हता.