वॉरंटीची शेवटची दुपार

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या ताई आजही त्याच नगरपालिकेत काम करतात. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. चौकात लख्ख ऊन पडलं होतं.

त्या चौकात एक कलाकृती आहे. नाव ‘सोबत’. बाहेरून पत्र्याचा मोठा घुमट, आत काळोखी गोल खोली. तुम्ही आत पाऊल टाकलं की छतावर एक दिवा लागतो. तुम्ही जाल तिथे तो डोक्यावरून तुमच्यासोबत चालतो. दोघं गेले तर दोन दिवे. कोणीच नसेल तर मिट्ट काळोख.

घुमटाच्या दोन भिंतींमध्ये एक बोळ आहे. सगळ्या वायरी तिथेच. अंग तिरकं करून जेमतेम सरकता येईल एवढीच जागा. पोरंटोरं वायरींपाशी घुसू नयेत म्हणून एक सोय केलेली. बोळाचं दार बाहेर चौकात उघडतं, पण खोलीत माणूस असेपर्यंत ते आतून-बाहेरून कुठूनच उघडत नाही.

त्या दिवशी वॉरंटी संपत होती. काही बिघाड असेल तर आजच कंपनीला कळवायचा, उद्यापासून तुमचं तुम्ही निस्तरा. देखभालीचं शिक्षण एकट्या ताईंनी घेतलेलं. साहेबांनी त्यांनाच पाठवलं, सोबत वायरमन काका.

काकांनी खोलीचं फाटक लावलं आणि बाहेर स्टूल टाकून बसले. ताई बोळात शिरल्या. मागे दार लागलं.

काम झालं. सगळं ठणठणीत होतं.

त्या दाराशी आल्या, मूठ फिरवली...

दार उघडेना.

त्यांनी काकांना फोन लावला. “काका, खोलीत कुणाला सोडलंत का?”

“छे! मी फाटकाला पाठ लावून बसलोय. माशीसुद्धा गेली नाही.”

आतल्या भिंतीला बारीक भोकं आहेत. ताईंनी एका भोकाला डोळा लावला.

छतावर एक दिवा जळत होता.

आणि त्याच्याखाली... कोणीच नव्हतं.

ताईंनी कंपनीची हेल्पलाइन लावली. तिकडे एक मुलगा होता. त्याला तिथे बसून स्क्रीनवर खोलीत किती जण, बोळात किती जण, सगळं दिसायचं.

“मॅडम, खोलीत एक जण आहे. त्यांना बाहेर काढा, दार लगेच उघडेल.”

“अहो, खोली रिकामी आहे. तुमचा सेन्सर अडकलाय.”

“अडकला असता तर दिवा एका जागी राहिला असता...” तो थांबला. “हा चालतोय, मॅडम.”

ताई दारापासून दोन पावलं सरकल्या. भोकांमधला उजेडही सरकला.

त्या थांबल्या.

उजेड थांबला.

“वीज बंद करू?” ताईंचा आवाज चिरकला होता.

“उपयोग नाही. दार बॅटरीवर बंदच राहतं. आणि तुम्ही हात लावलात तर वॉरंटी जाईल.”

“खड्ड्यात गेली तुमची वॉरंटी!”

त्यांचा आरडाओरडा ऐकून काका फाटक उघडून आत धावले. दुसरा दिवा लागला.

“इथे कुणी नाही गं पोरी! उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.”

“काका... तुमच्या डोक्यावर दिवा आहे?”

“आहे की.”

“मग हा माझ्यापाशी कुणाचा?”

 काकांची पावलं ऐकू आली... मागे मागे जाणारी... मग धावणारी.

पुन्हा एकच दिवा राहिला. भिंतीच्या पलीकडे, ताईंच्या अगदी तोंडासमोर.

किती वेळ गेला, ताईंना सांगता येत नाही. पुढे पत्रा, मागे पत्रा. घाम डोळ्यांत उतरत होता, पण एक हात फोनला, आणि पुसायला दुसरा वर नेता येत नव्हता.

आणि मग... दिवा विझला.

खट्!

कुलूप सुटलं होतं. ताई दाराकडे सरकू लागल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला.

पत्र्याला कापड घासल्याचा... कोणीतरी अंग तिरकं करून हळूहळू सरकत असल्यासारखा.

मान वळवायलाही जागा नव्हती. ताई कशाबशा बाहेर पडल्या आणि दोन्ही हातांनी दार लोटून दिलं. बाहेर काका घामाघूम होऊन उभे होते.

फोन चालूच होता.

“सुटलं ना कुलूप?” तो मुलगा म्हणाला. “खोली आता रिकामी दिसतेय. तुम्ही बोळातून बाहेर या.”

“मी उन्हात उभी आहे.”

तिकडे कीबोर्डची टकटक झाली.

“नाही, मॅडम... बोळात अजून एक जण आहे.”

तक्रार मुदतीत नोंदली गेली होती, त्यामुळे कंपनीला यावंच लागलं. दोघं आले आणि सगळे सेन्सर बदलून गेले. ते दोघं बोळात असताना स्क्रीनवर तीन दिसत होते. ते गेल्यावर एक.

साहेब म्हणाले, “मशीनच आहे ते. चुकायचंच.” त्यांनी कंपनीशी देखभालीचा लांब मुदतीचा करारही करून टाकला. कंपनीची अट एकच. बोळातली तपासणी नियमित व्हायला हवी, आणि ती देखभाल शिकलेल्या माणसानेच करायची.

शिकलेलं माणूस एकच आहे. दुसऱ्या कुणाला शिकवायचं, तर आधी त्याला त्या बोळात उभं करावं लागेल. कुणाला करायचं?

काका आता चौक आला की रस्ता बदलतात.

पहिली तपासणी येत्या सोमवारी आहे.

ताईंनी साहेबांना अजून हो म्हटलेलं नाही... आणि नाहीही म्हटलेलं नाही.