वळण आधी सांगायचं

दशरथराव पोस्टातून रिटायर झाले आणि त्याच महिन्यात त्यांच्या मुलाला, प्रज्ञेशला, हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी लागली, ते साल दोन हजार एक. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरून पेढे दोनदा वाटले गेले. तिसऱ्यांदा वाटायचे ते लेकीच्या, मैत्रीच्या लग्नाचे, असं कांताबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

डिसेंबरात प्रज्ञेशच्या कंपनीची सहल निघाली, घरच्यांसकट, शहराबाहेरच्या अम्युझमेंट पार्कला. निघताना कांताबाईंनी लेकीची पांढरी काठी दाराआड उभी केली.

"तो अभय येणारे. प्रज्ञेशच्या शेजारी बसतो ऑफिसात. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं?"

"मूठ कधीतरी उघडावी लागतेच ना, आई?"

"लग्नानंतर उघड."

मैत्री पंचविशीची, बँकेत टेलिफोन सांभाळायची. डोळ्यांचा आजार असा, की कडेचं सगळं विझत आलेलं. समोरचं तेवढं बांगडीतून बघावं तसं दिसायचं. आणि बांगडी वर्षागणिक लहान होत चालली होती.

पार्कात पाऊल टाकल्यापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. डोक्यावरून किंकाळ्या जात होत्या, कुठूनसा पाण्याचा सपकारा येत होता, भाजल्या कणसाचा वास नाकात शिरत होता... आणि पायाखाली पायरी कुठे येईल, काही भरवसा नाही. प्रज्ञेश 'आलोच' म्हणून मित्रांत सटकला. शेजारून आवाज आला –

"मी अभय. तुमच्या दादानं मला राखणीला ठेवलंय."

"कशाच्या? माझ्या की पर्सच्या?"

"पर्स सोपी. ती उलट बोलत नाही."

तिला हसू फुटलं. थोडं चालून झालं, गप्पा झाल्या. मग तो म्हणाला, "नकोय का तुम्हाला?"

"काय?"

"कुल्फी. मघापासून समोर धरलीय. निम्मी माझ्या कोपरापर्यंत पोचली."

तिचे कान तापले. कुल्फी बांगडीच्या खाली राहिली होती. "नकोच होती मला," ती फटकन म्हणाली. म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. एक कुल्फी झाकायला एवढं खोटं... मग पुढचा जन्मभर किती?

"मला त्या उंच गाडीत बसायचंय," ती म्हणाली. वरून शहर दिसतं, असं प्रज्ञेश म्हणाला होता. बांगडी मिटायच्या आत एकदा तरी बघायचं होतं.

रोलर कोस्टरच्या रांगेत अर्धा तास गेला. गाडी डोक्यावरून धडधडत गेली की अभय मान वळवून बघत राही. रांग पुढे सरकत होती. सांगावं तर आई... न सांगावं तर...

"ऐका," ती एका दमात बोलली, "मला नीट दिसत नाही. उद्या अजिबात दिसणार नाही. घरच्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं."

"ठाऊक आहे."

"दादानं सांगितलं?"

"नाही. ऑफिसात चुका शोधायचंच काम आहे माझं. कुल्फी वितळली तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगता का, ते बघत होतो..." तो ओशाळला. "ते मात्र माझं चुकलं."

गाडीपाशी माणसं बसवायला उभ्या असलेल्या धोंडिबांनी सगळं ऐकलं होतं. खाकी कपड्यांतले म्हातारबा आडवे आले. "बाईंना दिसत न्हाय? मग न्हाय बसता यायचं. तसा नियम हाय."

खरं बोलायची एवढी रोकडी शिक्षा! मैत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पेठेतली मुलगी ती, गप्प कशी बसेल?

"काका, यात बसल्यावर बाकीचे काय करतात हो?"

"डोळे मिटून वरडत्यात."

"मग माझा निम्मा सराव आधीच झालाय."

धोंडिबा खो-खो हसले. त्यांनी दोघांना बसवलं, तिचा पट्टा स्वतः दोनदा ओढून पाहिला आणि अभयला दम भरला, "वळण आलं की बाईंना आधी सांगायचं. झटका नगं बसाया."

गाडी चढू लागली. माथ्यावर ती क्षणभर रेंगाळली, आणि मैत्रीच्या बांगडीत उन्हातली टेकडी मावली, टेकडीवरचं एक देऊळ मावलं.

"आता खाली!" अभय तिचा हात धरून ओरडला. रांगेत उभ्या उभ्या त्यानं सगळा रस्ता पाठ केला होता. "घट्ट धरा! चढ... आता डावीकडे... आता उजवीकडे!"

गाडी डावीकडेच वळली आणि ती थेट त्याच्या खांद्यावर आदळली.

"चुकीचं सांगितलंत!"

"एकच," तो म्हणाला, "आणि तेही मुद्दाम."

तिनं हात सोडवून घेतला नाही.

पुढच्या वैशाखात विहारात त्यांचं लग्न लागलं. कांताबाईंनी पेढे वाटले. काठी मैत्रीच्या हातातच होती. दर डिसेंबरात दोघं त्या गाडीत बसायची. सहाव्या वर्षी बांगडी मिटली, तरी तो वळणं सांगायचा. दरवेळी एक चुकीचं.

शेवटच्या आजारात अभयला श्वास पुरेना, तेव्हा मैत्री त्याचा हात धरून कानाशी म्हणायची, "आता चढ आहे... घट्ट धर... आता उतार." एकही वळण तिनं चुकीचं सांगितलं नाही.

अभय गेला तो दोन हजार सतरा सालच्या ऑगस्टच्या नऊ तारखेला, बुधवारी सकाळी.