जुडगा, चिखल आणि एक सरळ चप्पल

"माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतो तो स्वतःचं घर विकल्यावर," असं प्रसन्न देवस्थळी यांनी मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता जाहीर केलं. जमिनीला न बांधलेला माणूसच आकाशाचा मालक असतो, असंही ते पुढे म्हणणार होते. पण तेवढ्यात हातातला ब्रश निसटून संडासात पडला.

"पुढचं वाक्य ब्रश काढून झाल्यावर सांगा," पलीकडच्या संडासातून शोभनाबाई म्हणाल्या.

नोव्हाय या उपनगरातलं चार बेडरूमचं घर विकून देवस्थळी नवरा-बायको तीन वर्षांपूर्वी बत्तीस फुटी आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला आले होते. उन्हाळाभर ते उत्तर मिशिगनमधल्या एका तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडचे होस्ट असत. होस्ट म्हटल्यावर पुण्याच्या नातेवाइकांना हेवा वाटे. पगार शून्य, जागा, वीज, पाणी फुकट, त्या बदल्यात संडास धुवायचे, शेकोट्यांची राख काढायची आणि अस्वल आलं तर काय करायचं ते लोकांना न घाबरवता सांगायचं.

प्रसन्नराव जन्मभर मोटारींचे ब्रेक बनवत आले होते, त्यामुळे विचार करताना ते आधी थांबत. शोभनाबाईंनी सत्तावीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडले आणि पुढे सहा वर्षं रीतसर परवाना काढून खासगी तपास केले. पाठीचा कणा मोडलेला एक गृहस्थ त्यांना साल्साच्या क्लासमध्ये सापडला होता.

नऊ वाजता दोघं आरव्हीपाशी परतली. पाण्याच्या नळीचा सांधा रविवारपासून गळत होता, आणि प्रसन्नराव रविवारपासून तो आज आवळणार होते. त्यामुळे दारासमोर चिखलाचं छोटं तळं साचलं होतं. ते टाळून पायरी चढणं अशक्य. शोभनाबाई पायरीपाशी क्षणभर थांबल्या, पायरीवरचा ताजा चिखल बघितला, शेजारच्या चपलांच्या फळीकडे बघितलं, आणि गमबूट काढून आत गेल्या.

दाराजवळच्या खुंटीवर किल्ल्यांचा जुडगा नव्हता.

सतरा किल्ल्या. फाटक, स्नानगृहं, लाकडांची कोठी, पंपघर. सात वाजता सगळं उघडून प्रसन्नरावांनी तो स्वतः खुंटीला लावला होता, आणि आठला दोघं संडास धुवायला निघाली तेव्हा तो तिथेच होता. आरव्हीला दिवसा कुलूप लावायची इथे पद्धत नव्हती.

"शेजारच्या वॉल्टरचंच काम हे," प्रसन्नराव म्हणाले.

"अहो, आधी घड्याळ बघा."

कॅम्पग्राउंडवर देखरेख करणारी रेंजर लिंडा दर मंगळवारी बाराच्या ठोक्याला येई आणि किल्ल्या मोजे. गेल्या वर्षीच्या होस्टांनी जुडगा हरवला, तर त्यांना त्याच संध्याकाळी निरोप देण्यात आला होता. इथून निरोप म्हणजे ॲरिझोनातली हिवाळ्याची जागाही गेली, कारण ती लिंडाच्या शिफारशीच्या चिठ्ठीवर मिळायची होती. मग उरत होतं हर्नडनमधलं लेकीचं बेसमेंट. तिथे कार्पेट होतं, मोठा टीव्ही होता, आणि खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीचं चाक दिसे.

"मी त्या चाकाकडे बघत म्हातारी होणार नाही," शोभनाबाई म्हणाल्या. "चला."

त्या वाकून जमीन न्याहाळत होत्या. दारापासून सोफ्यापर्यंतची फरशी लख्ख कोरडी होती. काल वॉल्टर साखर मागायला आला, तो बुटांसकट थेट सोफ्यापर्यंत चालत गेला होता, आणि प्रसन्नरावांना दोनदा फडकं मारावं लागलं होतं. ते फडकं अजून दांडीवर वाळत होतं.

प्रसन्नराव बाहेर आले आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या चपलांत पाय सरकवून निघाले. एरवी या चपलांवरून रोज सकाळी वाजायचं. गमबूट चढवताना ते चपला भिरकावत आणि त्यातली एक हटकून उलटी पडे. उलट्या चपलेने घरात भांडण होतं असं शोभनाबाई बजावत, आणि मग त्यावरूनच भांडण होई. आजही झालं होतं. आज मी सरळ करणार नाही, आणि तुम्ही तर करणार नाहीच, असं म्हणून त्या तरातरा पुढे गेल्या होत्या.

सप्टेंबर सुरू झाल्याने कॅम्पग्राउंड ओस पडलं होतं. तीनच जागांवर माणसं होती, आणि काल बाहेर टेबलावर जेवताना प्रसन्नरावांनी त्या तिघांनाही गेल्या वर्षीच्या हरवलेल्या जुडग्याची गोष्ट अभिनयासह सांगितली होती. ती तिघांनी ऐकली होती, हे आता त्यांना आठवलं आणि बरं वाटलं नाही.

दोन नंबरवर वॉल्टर. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त पोस्टमन. होस्टच्या जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. आठ ते नऊ तो धक्क्यावर मासे धरत होता म्हणे. मासा एकही नव्हता. हा पुरावा प्रसन्नरावांना भक्कम वाटला. मासे धरणाऱ्याकडे मासा नको का, असं ते परतताना दोनदा म्हणाले.

"तुम्ही गेल्या महिन्यात रोज जात होतात. तुम्ही किती आणलेत?" शोभनाबाईंनी विचारलं. विषय तिथे संपला.

नऊ नंबरवर देवांग. नागपूरचा, शॉमबर्गला एका आयटी कंपनीत. मित्रांसोबत यायचा होता. मित्रांनी कॅन्सल केलं, याने केलं नाही, आणि पहिल्याच दिवशी पाय मुरगळला. उजव्या पायात गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचा, डॉक्टरांनी दिलेला भला मोठा बूट होता. शनिवारी संध्याकाळची शेकोटी बंद करायला लावली म्हणून तो दोघांवर जरा रुसला होता.

तो दोन्ही पाय बाकावर लांब करून बसला होता. बुटाच्या तळाच्या खोल खाचांत पाइनच्या सुकलेल्या काड्या अडकल्या होत्या.

"काल चहाला आत का नाही आलास रे?" शोभनाबाईंनी विचारलं. प्रसन्नरावांना हा प्रश्न अगदीच अस्थानी वाटला.

"काकू, हा बूट काढायला पंधरा मिनिटं लागतात यार. आणि घालून तुमच्या घरात कसा येऊ? आईने नागपूरहून फोन करून मारलं असतं."

चार नंबरवर तंबूत अनिका, देवस्थळींची मुलगी. हर्नडनला फिजिओथेरपिस्ट. आरव्हीतल्या सोफ्याने पाठ धरते म्हणून ती तंबूत झोपे. ती अनवाणी बसून कॉफी पीत होती. तिचे पांढरे बूट धुऊन दोरीवर टांगले होते.

"दव होतं," ती म्हणाली. "गवत फुल वेट. आई, आर यू सिरियसली इन्व्हेस्टिगेटिंग मी?"

"सगळ्यांनाच विचारतेय, बाळा."

प्रसन्नरावांनी लेकीच्या वतीने दवाला दुजोरा दिला. मग त्यांनी वाकून पायाजवळच्या गवतावर हात फिरवला. ते कोरडं होतं. ऊन वर आलं असेल, असं त्यांनी ठरवलं.

साडेअकराला शोभनाबाईंनी सगळ्यांना आपल्या टेबलापाशी बोलावलं. मधे चिवडा ठेवला. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, कारण वॉल्टरला मराठी येत नव्हतं. चिवडा मात्र त्याला समजला.

"आठ ते नऊच्या दरम्यान कुणीतरी आत येऊन जुडगा नेला," त्या म्हणाल्या. "पायरीवर चिखल आहे. आत थेंबभरही नाही. म्हणजे चोराने चोरी करायच्या आधी बूट काढले."

"चोर बूट काढतो?" वॉल्टरने विचारलं.

"काही घरांत वाढलेला काढतो. चोरी वेगळी आणि बूट वेगळे. तू काल सोफ्यापर्यंत बुटांसकट आलास, वॉल्टर."

"आज सावधगिरी म्हणून काढले असतील," प्रसन्नराव चिवटपणे म्हणाले.

"मलाही आधी तेच वाटलं. पण सकाळी तुमची एक चप्पल उलटी पडली होती. आपण दोघंही ती तशीच टाकून गेलो. परत आलो तेव्हा जोडी सरळ, शेजारी शेजारी होती. तुम्ही त्यात पायही घातलेत. घाईतला चोर, मन धास्तावलेलं, आणि तरी उलटी चप्पल दिसल्यावर हात आपोआप गेला. या घरात भांडण होऊ नये असं त्याला वाटत होतं. वॉल्टरला आयुष्यात असं वाटलेलं नाही."

वॉल्टरने मान्य केलं.

"म्हणजे मी?" देवांग सरसावून बसला. "काकू, मी चपला सरळ करतो, पण..."

"पण तुझा बूट काढायला पंधरा मिनिटं लागतात, आणि माझ्या दारातला चिखल ओलांडल्यावर त्या खाचांत सुकलेल्या काड्या राहिल्या नसत्या. तू आज या बाजूला फिरकलाच नाहीस."

चिवड्यातला एक शेंगदाणा वॉल्टरने शक्य तितक्या हळू चावला.

"गवतावर आज दव नव्हतं," शोभनाबाई म्हणाल्या. हे त्या मराठीत म्हणाल्या, आणि कुणाकडेही न बघता.

अनिकाने जॅकेटच्या खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"जूनमध्ये बाबा आरव्हीच्या शिडीवरून पडले," ती म्हणाली. "वीस मिनिटं जमिनीवर होते. मला कुणी सांगितलं? यू डिडन्ट. काल वॉल्टरने सांगितलं. इथे फोनला रेंज नाही. मी रोज दुसऱ्यांच्या आई-बाबांना पडू नका म्हणून शिकवते, आणि माझे..." तिने जुडगा आईकडे सरकवला. "लिंडाने इथून काढून टाकलं असतं तर तुम्ही माझ्याकडे आला असतात. दॅट्स ऑल."

शिडीची गोष्ट आपण लपवली होती, हे प्रसन्नरावांना आठवलं. आपण आकाशाच्या मालकासारखे वीस मिनिटं उताणे पडलो होतो, हेही.

"त्यांना उचललं कुणी, हे वॉल्टरने सांगितलं?" शोभनाबाईंनी विचारलं.

वॉल्टर चिवड्यात बघू लागला.

"यानेच," शोभनाबाई म्हणाल्या. "नोव्हायच्या घरात बावीस वर्षं राहिलो, शेजारच्याचं आडनाव माहीत नव्हतं. तिथे पडले असते तर वीस मिनिटांत कोण आलं असतं? तुला सांगितलं नाही, ती आमची चूक. उद्यापासून रोज सहाला टेकडीवर चढून फोन करीन. शिडी यांना बंद. पण अनिका, किल्ल्या लपवून आई-बाप घरी नेता येत नाहीत. आम्ही घरीच आहोत."

अनिकाने बाबांच्या पायांकडे पाहिलं. "नो लॅडर. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," प्रसन्नराव म्हणाले. मग उठून वॉल्टरकडे गेले, हात पुढे केला, आणि मासे न मिळाल्याबद्दल त्याचं सांत्वन केलं.

बाराला लिंडाची गाडी आली. तिने किल्ल्या मोजल्या. सतरा. वहीत खूण केली, पाचही चेहऱ्यांकडे पाहिलं, शोभनाबाईंनी नुकतेच डोळे पुसलेत हे तिला कळलं असावं. हिवाळ्याची चिठ्ठी आजच पाठवते म्हणाली. गाडीकडे जाता जाता ती थांबली.

"प्रसन्न, एक छोटंसं काम होतं. येताना बघितलं, तीन नंबरच्या संडासातला टॉयलेट पेपर उलटा लागलाय. तेवढा सरळ करशील?"