ओ नोका देऊ

वहिनीनं ओ दिली, आणि तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

विशाखाला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. दुपारची वेळ होती. ओसरीवर दोघी तांदळातले खडे वेचत बसल्या होत्या. रंभावहिनीनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि घरामागच्या परसाकडे, सांदवाडीकडे तोंड करून म्हणाली, "ओऽ, आली जी." सासरी नवी आलेली सून थोरामोठ्यांच्या हाकेला देते तशी ओ, लांबलेली आणि शेवटी हळूच खाली उतरणारी.

"कोन बोलावलं वयनी?"

"काई नाई," म्हणत वहिनीनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पण नंतर तिनं वेचलेले खडे होते ना, ते ती तांदळातच टाकत राहिली.

विशाखा चंद्रपूरला कॉलेजात होती आणि सहामाही परीक्षा देऊन सुट्टीवर आलेली. मुळातच घाबरट पोर. ताट पडलं तरी हिची छाती धडधडायची, वसतिगृहातल्या मुली तिला 'ससा' म्हणायच्या. पण मानसशास्त्राचा एक पेपर तिनं मन लावून अभ्यासला होता. पावसाळ्यात वहिनीचं बाळ गेलं, पाळण्यातलं, चांगलं हसतं बाळ. त्यानंतर वहिनीची झोप गेली, जेवण गेलं, आणि आता या ओ. कधी चुलीपुढे, कधी न्हाणीत. दर वेळी तोंड मात्र एकाच दिशेला. सांदवाडीपलीकडे धानाच्या बांध्या, भातखाचरं होती आणि त्यांच्या पलीकडे, जंगलाला टेकून, गावची बोडी. पावसाळ्यात भरायची आणि उन्हाळ्यापर्यंत काळं पाणी धरून राहायची.

भावाशी, हरिदासशी, ती बोलली. तो गावच्या शाळेत मास्तर होता.

"दादा, वयनीले नागपूरले नेलं पायजे. मनाचा डॉक्टर असते तिथी."

"गाव काय म्हनन? मास्तरची बायको पागल झाली?"

"अन् भगत आनला तं गाव काय म्हनन?"

हरिदासनं भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं. "या घरात भगत पाय ठेवनार नाई."

"मंग डॉक्टरचा तं पाय लागू दे!"

तो हसला नाही, पण चिडलाही नाही. मात्र तो दिवस टळला, मग आठवडाही टळला. भाऊ काहीतरी लपवतोय असं विशाखाला वाटू लागलं. रात्री तो दाराला आतून कडी लावून वर पाटा सरकवून ठेवायचा. कशाला, विचारलं की म्हणायचा, कुत्री शिरतात.

मग एका संध्याकाळी तिनं सांदवाडीच्या तट्ट्यामागे पावलं पाहिली. बांबूच्या फटींतून दिसली, भेगाळलेली, जुनाट, हलत नसलेली. कोणीतरी तिथं उभं होतं. आणि त्याच वेळी आत वहिनी म्हणाली, "ओऽ, आली जी."

 घाबरत घाबरतच विशाखा वळसा घालून गेली. शेजारची बायनाबाई उभी होती, कान तट्ट्याला लावून.

"तुमीच बोलावता का माह्या वयनीले? लाज नाई वाटत?"

म्हातारी दचकली नाही. "मी कायले बोलावू, पोरी? मी ऐकाले उभी रायते. मलेबी ऐकू येते का, म्हनून."

"काय ऐकू येते?"

"माही सून होती नं, सोमारी. तेबी अशीच ओ देत जाय. मी म्हनलं, कामाचा कंटाळा हाये, सोंगं करते. एक दिवस ओ देत देत बोडीपावत गेली..." बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मोहा वेचाले जातो तवा आमी रानात कोनाचं नाव नाई घेत, मालूम हाये ना? कू करतो. नाव ऐकनारे कान मान्साचेच रायतात असं नाई. तिले एकटी नोको सोडजो."

विशाखाचा विश्वास बसला नाही. म्हातारीचा डोळा या घरावर आहे, हाच संशय पक्का झाला. पण कू करायची गोष्ट तिनं उचलली. वहिनीचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "वयनी, तुमाले नावानं कोनी बोलावलं तं तो भास. मनाचा खेळ. ओ नोका देऊ. मी खरी बोलावीन तवा कू करीन. तेवढ्याले फक्त ओ द्या."

"अन् तुमच्याच आवाजात कोनी बोलावलं तं?"

"तरीबी नाई. कू म्हनजे मी."

वहिनी कितीतरी दिवसांनी नीट बघून हसली. "बरं बाई. नाई देत."

त्या रात्री तिला झोप लागली. सकाळी चहा पिता पिता हरिदास एकदम म्हणाला, "उद्याच्या गाडीनं नेतो तिले." बोलताना डोळे भरले होते त्याचे. शाळेत रजा सांगून ओळखीच्या कंपाउंडरकडून डॉक्टरचा पत्ता आणायला तो सायकलनं आरमोरीला गेला. जाताना म्हणाला, "आजचा दिवस सांभाळ, विशाखा. फक्त आजचा."

तेवढंच करायचं होतं. आजचा दिवस.

शेजारच्या गावात मंडई, दिवाळीनंतरची जत्रा भरली होती. गाव दुपारीच रिकामं झालं. बैलबंड्या भरभरून लोक गेले, बायनाबाईसुद्धा गेली. दूरवरून कर्ण्यावरचं नाटकाच्या जाहिरातीचं ओरडणं वाऱ्याबरोबर यायचं आणि मध्येच विझायचं. विशाखानं वहिनीचे केस विंचरले, वेणी घातली आणि आपली कॉलेजातली लाल रिबीन तिला बांधली. "नागपूरले जाता नं, मंग नटून जा!" उद्यासाठी दशम्या कराव्यात म्हणून ती पीठ मळायला बसली. चूल पेटेना, लाकूड ओलं, धूर डोळ्यांत गेला. डोळे चोळून ती बाहेर आली, तर वहिनी बसलेली बाज रिकामी होती.

सांदवाडीचं फाटक उघडं होतं.

ती धावली. कापलेल्या धानाचे खुंट तळव्यांना टोचत होते. भाऱ्यांच्या पुंजण्यांमागून धुकं सरकत होतं, त्याला पेंढ्याचा आणि कुजक्या शेवाळाचा वास होता. बोडीची पाळ दिसली आणि तिचं शहाणपण सगळं सुटलं. "रंभावयनीऽ! वयनीऽऽ! रंभाऽ!" जितक्या जोरात ओरडता येईल तितक्या जोरात ती नाव घेत सुटली.

कोणी ओ दिली नाही.

तेव्हा तिला आठवलं, ओ देऊ नका म्हणून तिनंच तर बजावलं होतं. तिनं ओंजळ तोंडाशी धरली. "कूऽऽ!"

तरीही नाही. पाण्यावर एक टिटवी उडाली, बस्स.

पाळीवरून ती रडत रडत पुढे गेली. वाकलेल्या मोहाच्या झाडाखाली, गुडघाभर चिखलात, कोणीतरी बसलं होतं. दोन्ही हातांनी झाडाची मुळी घट्ट धरलेली. तोंडात पदराचा बोळा.

"वयनी!" विशाखा चिखलात शिरली. थंडगार अंग, पण श्वास चालू होता. अंधारत चाललं होतं, चेहरा पदराआड होता. तिनं चाचपडून वेणी धरली. हाताला रिबीन लागली, ओली आणि चिकट. तिच्या जिवात जीव आला. "मी कू केली ना, ओ काऊन नाई दिली?"

बोळा थोडा बाजूला झाला. आवाज घोगरा, ओठांतल्या ओठांत. "कू तं मघापासून होऊन राह्यली, बाई... बोडीकडून बी, घराकडून बी... तुमी कोनत्या होत्या?"

 कूची गोष्ट दोघींतच झाली होती. तट्ट्यामागे तेव्हा कोणी होतं का? बायनाबाई? पण बायनाबाई तर बंडीत बसून गेलेली, विशाखानं डोळ्यांनी पाहिलेलं.

"चाला. उठा. उद्या गाडी हाये आपली."

"पाय निघत नाई."

विशाखानं ओढलं. चिखल सोडेना, उलट तिचेच पाय खाली जाऊ लागले. एकटीचं काम नव्हतं. दादा यायची वेळ झाली होती, फाटकाशी आला असेल, कदाचित कोणी मंडईतून परतलं असेल. तिनं एका हातानं वहिनीला कवळलं आणि गावाकडे तोंड करून ओरडली, "दादाऽऽ! कोनी हाये काऽऽ? इथी याऽऽ!"

"नोका बोलावू..."

"दादाऽऽ!"

कर्णा बंद झाला होता. धुक्यात घर दिसत नव्हतं, बांध्याही नव्हत्या. तिचीच हाक पाण्यावरून फिरून परत आली. घसा फाटेपर्यंत तिनं आणखी एकदा हाक दिली. मिठीतलं अंग शहारलं आणि एक गार तळहात हळूच येऊन तिच्या तोंडावर बसला, जसा आपण लहान मुलाच्या तोंडावर ठेवतो.

आणि मग सांदवाडीच्या दिशेनं एक कंदील हलला, आणि कोणीतरी ओ दिली. लांबलेली, शेवटी हळूच खाली उतरणारी.

"ओऽ बाई... मी घरीच हाये जी. तुमी कोनाजवळ बसल्या तिथी?"