देवेशची छत्री

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. अमावास्या, पिंपळ, कुत्र्यांचं रडणं, असलं काहीतरी लागतंच. माझ्या गोष्टीत यातलं एकही नाही. ही भर दुपारची गोष्ट आहे, रविवारची, आणि आजूबाजूला वेफर्स खाणारी पोरं होती.

पण खरी आहे. पटलं तर वाचा, नाहीतर पुढच्या पोस्टवर जा. मला लाइक नकोत. मला फक्त कुणालातरी सांगायचंय.

जानेवारी २०१८. संक्रांत नुकतीच झाली होती.

जागा म्हणजे तलासरीच्या पुढे, हद्द ओलांडली की गुजरातच्या बाजूला असलेलं एक लहानसं प्राणीसंग्रहालय. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांचा यात काही दोष नाही.

मी मयूरी. घोलवडला आमची चिकूची वाडी आहे. २०१६ मध्ये मी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि मसोलीला महादेव सरांकडे शिकायला जाऊ लागले. सरांचा धंदा लग्नाच्या फोटोंचा, पण जीव जनावरांत. ते म्हणायचे, "नवरी सांगितलं की हसते. बिबट्याला सांगून बघ." म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला ते आधी प्राणीसंग्रहालयात पिटाळायचे.

जाळी असेल तर लेन्स जाळीला अगदी चिकटवायची आणि जनावर मागे सरकेपर्यंत थांबायचं. मग जाळी फोटोत विरघळून जाते. फोकस कायम डोळ्यावर. सरांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की मला झोपेतही आठवेल. एकदा जनावराचा डोळा पकडला की मागे आग लागली तरी दुसरीकडे बघायचं नाही.

सगळ्यात वैताग काचेचा.

तिथल्या बिबट्याला समोरून काच होती. दुपारचं ऊन आपल्या पाठीमागून यायचं आणि फोटोत बिबट्याच्या अंगावर मीच उमटायची. माझ्यामागचं कडुनिंबाचं झाड उमटायचं. कुणाची तरी लाल टोपी उमटायची.

यावर तोडगा काढला माझ्या धाकट्या भावाने, देवेशने.

तो मला मोटारसायकलवरून तिथे सोडायचा आणि मग कंटाळून फिरत बसायचा. एका रविवारी तो घरातली काळी छत्री घेऊन आला. बाबांची जुनी, लांब दांड्याची, खटका दाबला की खट्ट आवाज करून उघडणारी. एका बाजूला फाटलेली होती, तिथे आईने हिरव्या ब्लाउजपीसचं ठिगळ लावलेलं.

माझ्यामागे उभं राहून त्याने ती उघडली आणि ढालीसारखी माझ्या डोक्यामागे धरली. काचेतलं ऊन गेलं. झाड गेलं. उरला फक्त बिबट्या, जणू मध्ये काच नव्हतीच.

तेव्हापासून तेच ठरलं. खट्ट झालं की मानेवरचं ऊन जायचं आणि मी कॅमेरा डोळ्याला लावायची. सावली माझ्यावर, ऊन त्याच्या पाठीवर. माझं झालं की मी म्हणायची, "झालं देवा, मिट."

लोक हसायचे. थंडीत छत्री घेऊन आलेत म्हणायचे. देवेश त्यांना सांगायचा, "ताईचा रंग उडतो."

तिथला रखवालदार लाहू मात्र चिडायचा. छत्री उघडली की बिबट्या बुजतो, असं त्याचं म्हणणं.

घरी आले की एडिटिंग. काचेवरचे ओरखडे पुसायचे, अंधार थोडा उजळायचा. सर सांगायचे, "काळ्यातून काहीतरी ओढून काढता येतं. पांढरं जळलं की विषय संपला. तिथे काही नसतंच."

जुलै २०१७ मध्ये देवेश गेला.

तलासरीजवळ, हायवेवर, पावसात. चोवीस वर्षांचा होता. मला यापुढे त्याबद्दल लिहिता येत नाही.

बाराव्याला गुरुजींना छत्री आणि चपला देतात. गेलेल्याला वाटेत ऊन लागू नये, पाय भाजू नयेत म्हणून. बाबांनी बाजारातून नवी छत्री आणली होती. आईने ती बाजूला ठेवली.

"ही नको. त्याची द्या. त्याला तिची सवय आहे."

गुरुजी जरा थांबले. मग त्यांनी ती ठिगळाची छत्री घेतली.

भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा कळलं, देवेशचा एकही धड फोटो नाही. त्याचा मोबाईल त्याच्यासोबतच गेला. बाकी सगळीकडे तो तोंड वाकडं करून, नाहीतर हात आडवा धरून. घरात कॅमेरा आणि आमच्याकडे त्याचा फोटो नाही. शेवटी दहावीतला ओळखपत्राचा मोठा करून लावला.

आई त्या फोटोकडे बघायचीच नाही. "हा पोरगा पंधरा वर्षांचा आहे," ती म्हणायची. "माझा कुठे आहे?"

एकदा मी लॅपटॉपवर बसले असताना ती मागे येऊन उभी राहिली. "फोटोतलं नको ते तू काढून टाकतेस ना. मग एखादं हवं ते आणून दे की गो."

मी रात्रंदिवस जुन्या फाइली उकरल्या. बिबट्याच्या प्रत्येक फोटोत, काचेच्या कोपऱ्यात, फक्त छत्री. तिच्यामागे तो.

पुढे सहा महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग सरांनीच हाकललं. म्हणाले, "जा, बिबट्या तिथेच आहे."

गेले. एकटी, तलासरीपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने.

दुपारचे बारा वाजून गेले होते. बिबट्या काचेजवळ बसला होता. ऊन पाठीमागून. काचेत मी, कडुनिंब, पोरांची गर्दी. फोटो वाया जाणार हे माहीत होतं, तरी कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि मागे...

खट्ट.

मानेवरचं ऊन गेलं.

मी हलले नाही. खोटं कशाला बोलू, मला हलताच आलं नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये काच हळूहळू काळी होत गेली. झाड गेलं. मी गेले. बिबट्याने मान वर केली आणि तो माझ्याकडे नाही... माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला.

बोटाने आपोआप बटण दाबलं. एकदा, परत, परत.

मग मी वळले.

कुणी नव्हतं. एक बाई मुलाला केळं भरवत होती, तीही लांब.

बाहेर पडताना फाटकावर लाहू बसला होता. मला बघून कुरकुरला, "काय ताय, आज परत छत्री उघाडली ना? तुमाला कितींदा सांगू, तो बुजते."

माझ्या हातात कॅमेऱ्याची पिशवी होती. दुसरं काही नव्हतं.

घरी येऊन फोटो उघडले. एकाही फोटोत ऊन नाही, झाड नाही. काच दिसतच नव्हती. मी शिकल्याप्रमाणे काळा भाग उजळत गेले. हळूहळू... गोल कडा आली. काड्यांची टोकं आली.

आणि उजव्या बाजूला ठिगळ.

हिरवं.

मला आईला दाखवायचं नव्हतं. पण ती मागेच उभी होती, हातात तांदूळ पाखडायचं सूप. ठिगळ तिने बघितलं. मग सूप खाली ठेवून जमिनीवरच बसली.

"मी त्याला वाटेसाठी दिली होती गो," ती म्हणाली. "आणि हा तुझ्यावर धरून उभा आहे."

मी रडत होते. ती रडत नव्हती.

"म्हणजे तो गेलाच नाही. तू मिट म्हणाली नाहीस म्हणून उभा आहे. येत्या रविवारी जाऊ. मी येते."

"आई, पण तो आहे तिथे," मी म्हणाले. "छत्री खाली घेतली तर तोंड दिसेल. तुला फोटो हवा होता ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. हवा होता. तिच्या डोळ्यांत दिसत होतं किती हवा होता ते.

"एक काढ," ती म्हणाली. "मग सोडायचं त्याला."

पुढच्या रविवारी आई पहिल्यांदा प्राणीसंग्रहालयात आली. डब्यात तिळाचे लाडू घेतले होते. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

तीच वेळ, तीच काच. आई माझ्या शेजारी, पदर हातात घट्ट धरून. मी बिबट्याच्या डोळ्यावर फोकस लावला. सवयच ती. मनात ठरवलं होतं, काही झालं तरी हात हलवायचा नाही. हा एकच फोटो मिळणार होता.

थांबलो.

पोरांचा गोंगाट होता. मग तो... कमी कमी होत गेला.

खट्ट.

मान गार झाली. आईने श्वास आत ओढलेला मला ऐकू आला.

"देवा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "छत्री जरा खाली घे. आई आलीय."

काही झालं नाही. काही म्हणजे काहीच.

मग काचेत काळं होतं ते वरून खाली सरकू लागलं. बिबट्या उभा राहिला. त्याचा डोळा निसटू नये म्हणून मी त्याच्यासोबत फोकस हलवत गेले, आणि एकदम काचेतून ऊन डोळ्यांत घुसलं. बटण दाबलं.

शेजारून आईचा आवाज आला. अगदी रोजचा, त्याला जेवायला हाक मारतानाचा.

"झालं रे बाळा. मिट आता. जा."

छत्री मिटल्याचा बारीक आवाज झाला.

मानेवर ऊन आलं. पोरांचा गोंगाट परत सुरू झाला. काचेत मी होते, आई होती, कडुनिंब होता. बस.

आईने लाडवांचा डबा झाडाखालच्या बाकावर ठेवला आणि आम्ही निघालो.

फोटो आला होता. खरंच आला होता. बिबट्याच्या अंगावर, काचेत, खाली घेतलेली छत्री. दांडा धरलेला हात. चौकड्याचा शर्ट, कॉलर, वरचं उघडं बटण.

कॉलरच्या वर पांढरं.

सूर्य नेमका त्याच्या डोक्यामागे होता. सगळं जळून गेलं होतं. मी तो फोटो आठवडे उघडत राहिले. हायलाइट खाली ओढले, रंग काढून बघितले, एकेक ठिपका मोठा करून बघितला. सरांकडे नेला. कुणाचा ते सांगितलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. "मयूरी, यात काही नाही. सोडून दे."

मी सोडला नाही. एका संध्याकाळी आईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

"कशाला डोळे फोडतेस? मी बघितलं ना त्याला."

मला समजेना. "कुठे?"

"काचेत. छत्री खाली घेतली तेव्हा. तुझ्या मागेच तर होता. तू नाही बघितलंस?"

मी नाही बघितलं. माझा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा बिबट्याच्या डोळ्यात होता. मला तसंच शिकवलं होतं.

"कसा होता?" मी विचारलं.

आई कपाकडे बघत बसली. "काळा पडलाय गो. उन्हाने पार रापलाय. दाढी वाढलीय."

"काही म्हणाला?"

"नाही."

"तुझ्याकडे बघितलं?"

"आधी माझ्याकडे. मग तुझ्याकडेच बघत होता," आई म्हणाली. "तू वळशील म्हणून थांबला होता. मलाच मग राहवलं नाही. म्हटलं, अजून किती उन्हात उभा करायचा."

तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे, दहावीतल्या फोटोच्या जागी. आई त्याला रोज फूल घालते. येणारे जाणारे विचारतात, बिबट्याला फूल कशाला? आई सांगते, आमचा देवेश आहे. लोक गप्प होतात आणि चहा पितात.

आज हे लिहिते आहे ते २०१९ संपत आलंय म्हणून, आणि गेल्या महिन्यात जे झालं ते कुणालाच सांगितलं नाही म्हणून.

मी अजूनही त्या काचेसमोर जाते. माझ्या फोटोंत आता ऊन असतं, झाड असतं, लोक असतात. एडिटिंगला बसले तरी त्यातलं मी काहीच पुसत नाही. प्रत्येक फोटोत आधी मागे कोण कोण आहे ते बघते.

गेल्या महिन्यात बिबट्या काचेजवळ आला. मी कॅमेरा उचलला, आणि...

मानेवरचं ऊन गेलं.

मी त्याच क्षणी वळले. मागे कुणी नव्हतं. वर बघितलं, तर आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. फोटो न काढताच मी कॅमेरा पिशवीत टाकला.

घरी आले तेव्हा आई फोटोला फूल घालत होती. मी काही बोलले नाही. तिला वाटतं, तो पोचला.