वाट्यांना सावली

ज्याने कुणी कागदावर कोळशाच्या वाट्या केल्या, त्याचे चौदा दिवस वाचले. भट्टीतून निघालेला करवंटीचा कोळसा चौदा दिवस उघड्यावर निवू द्यावा लागतो, तेव्हा कुठे जहाजवाले त्याला आत घेतात. वाट्यांना असलं सोवळं नाही.

फिलिपिन्समधल्या दावाओहून जपानला निघालेलं जहाज दुसऱ्याच दिवशी जळत परत आलं. आग एका कंटेनरातून उठली होती. ती विझवायला तळात उतरलेले दोन खलाशी वर आले नाहीत.

जहाज सुटण्याच्या चोवीस तास आधी मालाची वर्दी जपानच्या कस्टमला द्यावी लागते. ती जहाज-एजंट काबिगासच्या कचेरीतून गेली होती. सकाळी ‘कोळसा’. दुपारी दुरुस्ती: ‘करवंटीच्या वाट्या, बिनपॉलिश’. दोन्हींवर नाव कारकून जोवेलिनचं. पोलिसांनी तिला उचललं.

तटरक्षक दलाच्या तपासनीस मागबानुवा तिला कोठडीत भेटल्या.

“दाय, पोरी, दुरुस्ती तू केलीस?”

“नाही, मॅडम. मी जेवायला गेले होते.”

“पासवर्ड कुणाला ठाऊक?”

“स्क्रीनलाच चिकटवलाय. नाहीतर जेवायला कोण सोडतंय?”

मग जहाजाचा मुख्य अधिकारी.

“त्या कंटेनरबद्दल कुणी काही सांगितलं होतं?”

“काबिगासचा फोन होता. तेलाची टाकी तापते, तिच्यापासून लांब, गार सावलीत ठेवा म्हणे. मी हसलो. वाट्यांना कसली सावली? टाकीवरच ठेवला.”

काबिगास पपनस सोलत बसला होता. त्याने एक फोड पुढे केली.

“फोन तुम्ही केलात, सर?”

“केला ना. गिऱ्हाइकाच्या मालाची काळजी. वाट्यांचं पॉलिश वितळतं.”

“आणि आत कोळसा होता ते?”

“आग लागल्यावर कळलं. पोरीने फसवलं. दिसायची मात्र गरीब गाय.”

मागबानुवांनी फोड खाल्ली. “गोड आहे. पण वर्दीत बिनपॉलिश लिहिलंय, सर. मग वितळणार होतं काय?”

काबिगासने पपनस खाली ठेवलं.

“वाट्यांना उष्णतेचं भय नाही. ताज्या कोळशाला आहे. तो आत आहे हे ज्याला ठाऊक, तोच त्याच्यासाठी गार जागा मागेल. जोवेलिनने खरं लिहिलं. ती जेवायला गेली, तुम्ही ते बदललंत. मग आगीची भीती वाटली, म्हणून फोन. त्याच फोनवर ‘कोळसा’ म्हणाला असतात, तर दोघं जगले असते.”

“म्हणालो असतो तर माल उतरवला असता,” काबिगास म्हणाला.

त्याला नऊ वर्षांची कैद झाली. ज्याचा कोळसा होता तो भट्टीवाला दंडावर सुटला. खलाशांच्या घरी एकेक शवपेटी गेली. उचलायला एकच माणूस पुरला. जोवेलिन निर्दोष ठरली. पण जपानला गेलेली वर्दी पुसता येत नाही, आणि त्या दुरुस्तीवर नाव तिचं आहे. दावाओतल्या अकरा एजंटांनी ते पाहिलं आणि तिला दारातूनच परत पाठवलं.