आप्पांची जागा

शनिवारी दुपारी जेवण उरकून देवेश विलेपार्ल्याला गेला आणि नंदकुमारकडून एक जुना अँप्लिफायर उचलून रिक्षाने घाटकोपरला परतला. वीस किलोंचं ते धूड त्याने सगळी वाट मांडीवर तान्ह्या मुलासारखं जपलं. आजारी बापाला त्याने एवढ्या मायेने कधी उचललं नव्हतं, पण ते असो.

नंदकुमार हौशी लोकांना असले सेट विकायचा. निघताना तो म्हणाला होता, "अरे, नुसता आवाज स्वच्छ येऊन काय उपयोग? डोळे मिटलेस की गाणारा कुठे बसलाय ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. हा लाव. माणूस समोर आणून बसवेल बघ."

देवेशला एकच माणूस समोर बसवायचा होता. त्याचे आप्पा, धोंडूबुवा. गिरणी सुटली तरी भजनाला बसले की चाळ दणाणून सोडणारे. मरायच्या दोन वर्षं आधी देवेशने त्यांचं भजन याच हॉलमध्ये, दोन माइक लावून रेकॉर्ड केलं होतं. भजन संपतं, आप्पा खोकतात आणि म्हणतात, "झिला, वायच पाणी हाड रे." मग देवेशची पावलं, तांब्याचा आवाज, दोन घोट आणि "बरा वाटला." भजन बाजूलाच राहायचं. देवेश रोज ऐकायचा ते हे शेवटचं अर्धं मिनिट. आपण एकदा तरी उठलो होतो, याचा तेवढाच पुरावा त्याच्यापाशी उरला होता.

कारण पुढे तो उठला नव्हता. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर खुर्ची हवी, तरच गाणारा मधोमध येतो, आणि नेमकी तिथे आप्पांची खाट होती. स्पीकर सरकवून पाहिले, तर गाणारा भिंतीला चिकटला. मग खाटच हलवली. अंथरुणाला खिळलेल्या बापाला त्याने स्वयंपाकघरामागच्या पॅसेजमध्ये नेऊन टाकलं. आवाज घुमू नये म्हणून आईने शिवलेल्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. आप्पांनी त्यातली एक मागितली, तर "उद्या देतो" म्हणाला. आप्पांचा आवाज बसला तेव्हा दीप्तीने, त्याच्या बायकोने, त्यांच्या हातात एक चमचा दिला होता. पाणी हवं असलं की पेल्यावर वाजवायचा.

शेवटच्या दुपारी दीप्ती कामाला गेली होती. देवेश खुर्चीत डोळे मिटून बसला होता. चमचा त्याने ऐकला होता, बरं का. एवढं गाणं संपू दे, असं मनाशी म्हणाला. ते बावीस मिनिटं चाललं.

तर त्याने नंदकुमारकडचा अँप्लिफायर जोडला, खुर्चीत बसला, डोळे मिटले. आणि आप्पा दिसले. पखवाज डावीकडे, झांजा उजवीकडे थोड्या मागे आणि मधल्या रिकाम्या जागेत, हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ, आप्पा. देवेशला हुंदका आवरेना. भजन संपलं. खोकला आला.

"झिला, वायच पाणी हाड रे..."

पावलं आली नाहीत.

त्याने तेवढा तुकडा पुन्हा लावला. पुन्हा नाही. केबल काढून घातल्या, आधीचा अँप्लिफायर परत जोडला, भिंतीवरच्या गोधड्या खाली ओढल्या. दरवेळी आप्पा आणखी स्पष्ट होत गेले, पण आवाज खाली खाली यायला लागला. मांडी घालून बसलेल्या माणसाचा आवाज जिथून येतो, तिथून तो उतरला. आता तो आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होता.

"झिला... पाणी..."

मग ते आलं. टिण... टिण... स्टीलवर चमचा. रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच नव्हतं. आणि स्पीकर तर दोन्ही समोर होते. हे मागून येत होतं, पॅसेजमधून.

देवेशने सेटची पिन उपटली.

टिण...

तेव्हा मात्र तो उठला. तांब्या भरून धावत पॅसेजमध्ये गेला. तिथे चपलांचं कपाट होतं, दुसरं काही नव्हतं. आवाज आता हॉलमधून येत होता, खुर्चीच्या जागेवरून. तो हॉलमध्ये आला, तर पॅसेजमधून. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. "आप्पा, आणलंय... आणलंय ना पाणी... कुठे देऊ?" पाणी सांडत होतं, गोधड्यांत पाय अडकत होते. बोलता बोलता त्याचा घसा पार सुकून गेला.

कुलूप उघडून दीप्ती आत आली. ओल्या लाद्यांकडे तिने कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

"कोण पेला वाजवतंय रे? लिफ्टपासून ऐकतेय मी."

"तुला... तुलापण येतंय? कुठून?" तो जेमतेम पुटपुटला.

दीप्तीने मान तिरकी करून कानोसा घेतला. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. मग तिने बोट उचललं, पॅसेजकडे नाही, खुर्चीकडेही नाही. ते सरळ देवेशवर रोखलेलं होतं.

त्याला विचारायचं होतं, पण घशातून आवाजच फुटेना. त्याने खाली पाहिलं. डाव्या हातातला तांब्या रिकामा होता. उजव्या हातात चमचा होता, दीप्तीने स्वतःच्या हाताने आप्पांच्या तिरडीवर ठेवलेला.